एक उपग्रह, अनेक पर्जन्यमापके

पुलगावलगतच्या नाचणगावी कपाशीवर फवारणी करावी की थांबावे, हे ठरविताना आसपासच्या पावसाची नोंद उपयोगी पडते. भारतीय हवामान विभागाची शेकडो स्वयंचलित केंद्रे अशा नोंदी इन्सॅट उपग्रहामार्फत पुण्याच्या भू-केंद्राकडे धाडीत आली आहेत. दोन केंद्रांचे संदेश एकाच मार्गावर एकाच क्षणी निघाले, तर दोन्ही बिघडतात. म्हणून आरंभी प्रत्येक केंद्र तीच नोंद अनियमित क्षणी तीनदा पाठवी; एक तरी पोहोचेल, ही आशा! पुढे कालव्याच्या पाणीपाळीप्रमाणे प्रत्येकास तासातील ठराविक क्षण नेमून देण्यात आला. जीपीएसवर जुळविलेले घड्याळ ही पाळी सांभाळते. घड्याळ चुकणे म्हणजे शेजाऱ्याचे पाणी तोडणेच होय. केंद्राच्या सौरपट्टीवर धूळ वा झाडाची सावली दिसल्यास ग्रामपंचायत अधिकाऱ्याने विभागास कळवावे. यंत्रास स्वतः हात लावू नये.