टेन्शनची गोळी सोडताना

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, लोराझेपाम. चिठ्ठीवर नाव कुठलंही असो, घरात ती ‘टेन्शनची गोळी’ नाहीतर ‘झोपेची गोळी’च असते. घरात कुणी गेलं, नोकरी सुटली, अँजिओप्लास्टी झाली, म्हणून दोन-चार आठवड्यांसाठी सुरू होते आणि बीपीच्या गोळीशेजारी डब्यात कायमचा मुक्काम ठोकते.

मग वयस्कर माणूस रात्री बाथरूमला जाताना पडतो, विसरभोळेपणा वाढतो, आणि मुलगा फर्मान काढतो : आजपासून बंद!

असं करू नका. वर्षानुवर्षांची गोळी एकदम तोडली तर हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते आणि काहींना चक्क आकडी येते. जिवावर बेतू शकतं.

दुसरा लोकप्रिय उपाय म्हणजे दिवसाआड गोळी. ऐकायला शहाणपणाचा, प्रत्यक्षात वाईट. अल्प्राझोलामचं रक्तातलं प्रमाण साधारण 12 तासांत निम्म्यावर येतं, म्हणजे गोळी चुकवलेला प्रत्येक दिवस शरीराला एकदम बंद केल्यासारखाच. गोळी रोज, ठरल्या वेळीच घ्यायची; कमी करायची ती मात्रा.

किती? सध्याच्या मात्रेच्या 5 ते 10 टक्के, दर दोन ते चार आठवड्यांनी. जुन्या गोळीला कित्येक महिने, कधी वर्षही लागतं, आणि शेवटचा टप्पा सगळ्यात चिवट असतो. एवढे बारीक तुकडे घरी सुरीने होत नाहीत. म्हणून कमी ताकदीची गोळी लागते, किंवा शरीरात जास्त वेळ टिकणाऱ्या डायझेपामवर डॉक्टर आणतात. ‘एसआर’ लिहिलेली गोळी तर अजिबात तोडायची नाही.

पट्टीची मागची बाजू चष्मा लावून वाचा. आपल्याकडे क्लोनाझेपाम बऱ्याचदा एस्सिटालोप्रामसोबत एकाच गोळीत येतं. अशी गोळी अर्धी केली की दोन्ही औषधं अर्धी होतात, आणि त्रास कशाचा हे डॉक्टरलाही कळत नाही. दोन्ही औषधं वेगवेगळी लिहून मागा.

मात्रा घटवल्यावर काही दिवसांतच धडधड, चिडचिड, कुकरच्या शिट्टीनेही दचकणं सुरू होतं. लगेच ‘जुना आजार उलटला’ म्हणून पूर्ण गोळीवर परतू नका. हा बहुधा गोळी कमी झाल्याचा त्रास असतो आणि हळूहळू ओसरतो. आहे त्या मात्रेवर थोडे जास्त आठवडे थांबा. या काळात झोपेसाठी म्हणून दारूचा पेग नको. गोळी आणि दारू मिळून श्वास मंदावतो.

फिट येण्याचा आजार असेल, रोज दारू होत असेल किंवा दिवस गेले असतील, तर पहिला तुकडासुद्धा स्वतःच्या मनाने कमी करू नका. आकडी आली, भास व्हायला लागले किंवा जीव नकोसा वाटला तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बोलायला कुणी हवं असेल तर टेली-मानसचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.

बाकीच्यांनी या आठवड्यात एवढंच करा : घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घाला आणि डॉक्टरांकडे जा. तोवर गोळी चालू ठेवा.