गोड्या पाण्यातील पाकट : घरगुती मत्स्यालयातील निगा व सावधगिरी

दूधगंगेच्या काठी राहणाऱ्या कागल तालुक्यातील शेतकऱ्यास काट्याचा मासा नवा नाही. शिंगी मासा जाळ्यातून सोडविताना त्याचा काटा बोटात शिरला म्हणजे हात किती ठणकतो, याचा अनुभव पुष्कळांनी घेतला असेल. कोकण किनाऱ्यावरील कोळी पाकटाच्या शेपटीस याच कारणाने जपून असतात. या पाकटाचेच भाईबंद दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन, ओरिनोको व पराना या नद्यांच्या गोड्या पाण्यात राहतात. त्यांची ठिपकेदार पाठ व पाण्यात तरंगत जाण्याची डौलदार गती पाहून हौशी लोक त्यांना घरी आणतात. परंतु ही हौस पुरविण्यापूर्वी पुढील गोष्टींचा विचार करणे अगत्याचे आहे.

शरीररचना

पाकटाचा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. तोंड खालच्या बाजूस असल्याने तो तळाशी वाळूत बसला असता डोळ्यांमागील छिद्रांतून पाणी आत घेऊन श्वास घेतो. शेपटीवरील काट्यास करवतीसारखे उलटे दाते असून त्यावरील त्वचेच्या आवरणात विष असते. हा काटा वेळोवेळी गळून नवा येतो. म्हणून तो कापून टाकल्याने धोका टळत नाही, माशास मात्र इजा होते. हा प्राणी स्वभावाने आक्रमक नाही. तो दाबला गेला किंवा घाबरला म्हणजेच शेपटी उगारतो.

टाकी व जागा

लहान आणलेला पाकट वाढून त्याचे शरीर ४५ सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक रुंद होते. त्यास वळण्यापुरती जागा हवी, म्हणून टाकीच्या उंचीपेक्षा तळाच्या विस्ताराला महत्त्व आहे. १८० सें.मी. लांब, ९० सें.मी. रुंद व ६० सें.मी. उंच टाकीत सुमारे ९७० लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचाच भार तळाच्या दर चौरस मीटरवर सुमारे ६०० किलो पडतो. राहत्या घराचा मजला सामान्यतः दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरून बांधलेला असतो. तेव्हा अशी टाकी तळमजल्यावर पक्क्या पायावरच ठेवावी.

तळाशी बारीक, गोलसर कणांची धुतलेली वाळू पसरावी. टोकदार खडीने माशाचे पोट सोलवटते. पाणी तापविणारा दांडा उघडा ठेवू नये. पाकट त्यावर विसावतो व भाजतो. दांड्यास जाळीचे आवरण बसवावे. वीजजोडणीवर गळती होताच प्रवाह तोडणारे साधन अवश्य असावे. झाकण कुलूपबंद असावे, म्हणजे मुलांचा हात आत जाणार नाही.

पाणी

माशाच्या उत्सर्गातून पाण्यात अमोनिया साठतो. गाळणयंत्रातील उपयुक्त जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट बनवितात. हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या टाकीत पाकट लगेच सोडू नये. चाचणी संचाने पाहिले असता अमोनिया व नायट्राइट शून्य असले पाहिजेत. पाण्याचे तापमान २५ ते २९ अंश सेल्सिअस ठेवावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढूनच ते वापरावे. विहिरीचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, तेही तपासून घ्यावे.

दर आठवड्यास पाव हिस्सा, म्हणजे सुमारे २४० लिटर पाणी बदलावे लागते. काढलेले पाणी वाया न घालविता परसबागेस द्यावे; त्यातील नायट्रेट झाडांस उपयोगी पडते. मात्र टाकीत औषध घातले असल्यास ते पाणी भाजीस घालू नये. तांबेयुक्त औषधे पाकटास घातक ठरतात, ती टाळावीत. वीज गेली असता हवा पुरविण्यासाठी बॅटरीवर चालणारा पंप तयार ठेवावा.

आहार

गांडुळे, कोळंबी व माशाचे तुकडे हा त्याचा आहार होय. कीटकनाशक फवारलेल्या शेतातील गांडुळे घालू नयेत. अन्न लांब चिमट्याने द्यावे व उरलेले त्याच दिवशी काढावे. शरीराची कड वर वळलेली दिसल्यास मासा संकटात आहे असे समजून प्रथम पाण्याची तपासणी करावी.

हाताळणी

१. मासा नेमका कोठे आहे हे पाहिल्याखेरीज हात पाण्यात घालू नये. तो वाळूत दडून बसतो.
२. सफाईच्या वेळी छिद्रे असलेल्या फळीने त्यास एका बाजूस ठेवावे व दुसरी व्यक्ती जवळ असावी.
३. स्थलांतरासाठी जाळे वापरू नये. काटा त्यात अडकतो. पाण्याने भरलेल्या टबात त्यास हळूच वळवून घ्यावे.

काटा लागल्यास

जखम स्वच्छ पाण्याने धुवावी व रक्तस्राव दाबून थांबवावा. जखमी भाग सोसवेल इतक्या, परंतु ४५ अंश सेल्सिअसहून अधिक नसलेल्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. त्याने वेदना पुष्कळ कमी होतात. पाण्याची उष्णता आधी निरोगी हाताने पाहावी. जखम चिरू नये, चोखू नये, तिच्यावर चुना अथवा तंबाखू लावू नये. काट्याचे तुकडे आत राहणे संभवते, शिवाय धनुर्वाताची लस आवश्यक असते. म्हणून रुग्णालयात जावेच. छाती, मान वा पोटात रुतलेला काटा घरी उपटू नये. सन २००६ मध्ये ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध प्राणिप्रेमी स्टीव्ह अर्विन यांचा मृत्यू समुद्री पाकटाचा काटा छातीत शिरूनच झाला.

कायदा व आपले जलाशय

सन २०२२ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नदीतील पाकटांच्या काही जातींच्या व्यापारावर नियंत्रण आले. त्याच वर्षी आपल्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमात दुरुस्ती होऊन अशा यादीतील परदेशी प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद झाली. खरेदीपूर्वी वन विभागाकडे चौकशी करावी व पावती जपून ठेवावी.

मासा सांभाळणे अशक्य झाले तरी तो दूधगंगेत, वेदगंगेत किंवा जयसिंगराव तलावात मुळीच सोडू नये. तिलापिया मासा भारतात १९५२ साली आणला गेला आणि पुढे अनेक जलाशयांत स्थानिक माशांचा प्रतिस्पर्धी ठरला. गुडघाभर पाण्यात जनावरे धुणाऱ्याच्या व कपडे धुणाऱ्या स्त्रीच्या पायाखाली परदेशी विषारी काटा यावा, असे कृत्य कोणाच्याही हातून घडू नये.

ज्याच्या घरी भक्कम तळमजला, विजेची पर्यायी सोय, आठवड्यास अडीचशे लिटर जादा पाणी व अनेक वर्षांची चिकाटी आहे, त्यानेच पाकट पाळावा. इतरांनी गप्पी किंवा मॉली यांसारख्या लहान माशांपासून आरंभ करावा. त्यात आनंद कमी नाही, आणि पाणी राखण्याची विद्याही त्यातूनच हाती येते.