ओळखीचा अपराधी आणि बालकांचे संरक्षण

बालकांवर लैंगिक अत्याचार करणारा इसम कोणी परका, वागण्या-दिसण्यात विकृत असाच असणार, अशी समजूत समाजात खोलवर रुजलेली आहे. ‘अनोळखी माणसाबरोबर जाऊ नको’ एवढे बजावले की आपले कर्तव्य संपले, असे पालकांस वाटते ते यामुळेच. वस्तुस्थिती निराळी आहे.

केंद्र शासनाच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ बालकांची पाहणी करण्यात आली होती. त्यात अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक बालकाच्या ओळखीचे अथवा विश्वासाच्या स्थानावरील असल्याचे आढळले. पीडितांमध्ये मुलग्यांचे प्रमाण मुलींपेक्षा किंचित अधिकच होते. बहुतेक बालकांनी झाला प्रकार कोणालाही सांगितलेला नव्हता.

मौनाचे कारण

असा इसम बहुधा प्रथम घरच्यांचा विश्वास संपादन करतो. खाऊ, भेटवस्तू व लाड यांनी तो बालकास जवळ करतो, एकांत साधतो आणि ‘हे आपले गुपित’ असे सांगून किंवा धाक घालून त्याचे तोंड बंद करतो. दोष आपलाच आहे, असे बालकास वाटू लागते. ‘तो तर भला माणूस’ ही वडीलधाऱ्यांची खात्री त्या मौनात भर घालते. म्हणून माणसाच्या प्रतिष्ठेपेक्षा त्याच्या वर्तनाकडे लक्ष देणे इष्ट होय. तसेच, एखाद्या व्यक्तीस टाळणे, अकारण भीती, झोप उडणे, शाळा नकोशी होणे असे बदल बालकात दिसल्यास त्याची आपुलकीने विचारपूस करावी.

कायद्याने दिलेली जबाबदारी

लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२ हा १८ वर्षांखालील मुलगे व मुली या दोघांनाही लागू आहे. अपराध घडल्याचे कळल्यावर पोलिसांना खबर देणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. खबर न दिल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. संस्थाप्रमुखाने हाताखालील व्यक्तीचा अपराध दडविल्यास कारावास एक वर्षापर्यंतचा आहे. सद्भावनेने खबर देणाऱ्यास मात्र कायद्याचे संरक्षण आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, पोलिसांनी गणवेश न घालता घ्यावयाचा असतो. बालकास रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही व त्याची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई आहे.

तेव्हा गावची अब्रू अथवा शाळेचे नाव जपण्यासाठी असे प्रकरण आपसांत मिटविणे हा स्वतःच अपराध ठरतो. बालकाने धीर करून सांगितले, तर शिक्षकाने ते शांतपणे ऐकावे, ‘तुझी चूक नाही’ असे सांगावे, उलटतपासणी करू नये आणि विनाविलंब पोलिसांना कळवावे. साहाय्यासाठी १०९८ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे. सरपंच व सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय संकोच न बाळगता मांडावा. सांगितले तर आपले ऐकले जाईल, हा भरवसा बालकाला वाटणे, हेच त्याचे पहिले संरक्षण होय.