अनोळखी गिअरपेटीची ओळख
जुनी मालमोटार पूर्ववत करताना तिची स्वयंचलित गिअरपेटी कोणत्या जातीची आहे, हे आधी ठरविले पाहिजे. अन्यथा आणलेले सुटे भाग बसत नाहीत. मूळ पेटी पूर्वीच बदललेली असू शकते; म्हणून गाडीच्या सालावर विसंबू नये. प्रथम पेटीच्या तळाशी असलेल्या तेलपात्राचे बोल्ट मोजावेत. फोर्डच्या सी-४ पेटीस ते ११, तर सी-६ पेटीस १७ असतात. जनरल मोटर्सच्या टर्बो-हायड्रामॅटिक ४०० (१९६४) व ३५० (१९६९) या दोहोंस मात्र १३च. येथे दुसरी खूण पाहावी. ३५०चे तेलपात्र चौकोनी, एक कोपरा छाटलेले असते. शिवाय जोर हवा असता खालचा गिअर घेण्याचा संकेत तिला तारेच्या ओढीने मिळतो, ४००ला विजेने. दोन स्वतंत्र खुणा जुळल्या म्हणजेच ओळख पक्की मानावी.