वस्तऱ्याची धार : मुद्दल राखून वापरा

घडीचा वस्तरा पुन्हा हौशी मंडळींच्या हाती दिसू लागला आहे. हिंगोली, वसमत, परभणीकडचे शौकीन औंढा नागनाथला आमच्या कापडाच्या दुकानात येतात ते पट्ट्यासाठी जाड लिनन विचारायला, आणि बोलणे हटकून धारेवर येते. त्यांचे प्रश्न दोनच. दगड कोणते घ्यावेत? आणि बाजारात सायकलवर चाक घेऊन येणाऱ्याकडून वस्तऱ्याला धार लावून घेतली तर चालेल का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चालणार नाही. दुकानातली मेरठची कात्री आम्ही खुशाल चाकाला देतो. तिचे पाते जाड आणि धारेचा कोन मोठा, त्यामुळे ती निभावून नेते. वस्तऱ्याचे पाते दोन्ही बाजूंनी पोखरून धारेजवळ कागदासारखे पातळ केलेले असते. कोरड्या चाकावर ते क्षणात तापते. पोलादाला दिलेले पाणी दोनशे अंशांच्या पुढे उतरू लागते आणि तीनशेच्या सुमारास पाते निळे पडते. निळ्या पडलेल्या जागी नंतर कितीही घासले तरी धार टिकत नाही. शिवाय चाक एका फेरीत जेवढे पोलाद खाते, तेवढ्यात दगडावरची कितीतरी खेपांची धार निघते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर पात्याची रुंदी हे मुद्दल आहे. ते एकदा गेले की परत येत नाही.

हा हुनर आपल्याकडे नवा नाही. शस्त्रांना धार आणि चमक देणाऱ्या शिकलगारांचे नावच 'सैकलगर' या शब्दावरून आलेले आहे. सैकल म्हणजे झिलई, गर म्हणजे करणारा. महाराष्ट्रात शिकलगार आडनावाची मुस्लिम घराणी आहेत, आणि नांदेडकडे शीख शिकलगारही आहेत. 'वस्तरा' हा शब्दही फारसी 'उस्तरा'च. गावच्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी निसणा आणि चामड्याचा पट्टा असे. १९८६ साली मद्रासला भारतातले एचआयव्हीचे पहिले रुग्ण आढळले. पुढे जनजागृती झाली, प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे ब्लेड ही रीत पडली आणि अर्धे ब्लेड बसणारा उस्तरा दुकानादुकानांत आला. हे योग्यच झाले. पण त्याबरोबर धार लावणारा हातही गेला, त्यामुळे आजच्या हौशी माणसाला शेजारी विचारायला उस्ताद सापडत नाही.

जुना वस्तरा घेताना त्यावर शेफील्ड किंवा सोलिंगेन कोरलेले दिसले की लोक हरखून जातात. नाव चांगलेच आहे. शेफील्डला बेंजामिन हंट्समनने १७४० च्या दशकात मुशीत वितळवलेले पोलाद काढले, त्यावर त्या गावची कीर्ती उभी राहिली. (आपल्या जुन्या निजाम राज्यातल्या कोनासमुद्रमचे मुशीतले पोलाद इराणपर्यंत जात होते, हे मात्र कोणी सांगत नाही.) पण नावापेक्षा पाते पाहावे. कापडातले धागे मोजायचे भिंग आमच्या गल्ल्यावर असतेच, त्याखाली धार सगळी फिरवून पाहावी. धारेला तडा किंवा खोल गंज असेल तर तो वस्तरा शोभेचा समजावा. पाठ एका बाजूने जास्त झिजलेली असेल तर आधीच्या मालकाने एकाच बाजूवर जोर दिलेला आहे असे समजावे.

वस्तऱ्याची खुबी अशी की कोन हाताने धरावा लागत नाही. पाते दगडावर आडवे ठेवले की पाठ आणि धार दोन्ही टेकतात, तोच कोन. पाठ ५ मिलिमीटर जाड आणि पाठीपासून धारेपर्यंत १७ मिलिमीटर असेल तर कोन जवळजवळ १७ अंशांचा होतो. म्हणून पाठ कधीही उचलू नये.

आता दगड. आमच्या भागातला काळा दगड जात्याला आणि पाट्याला नामी, पण तो वस्तऱ्याच्या कामाचा नाही. जात्याला टाकी लावून खरबरीत ठेवावे लागते, इथे नेमके उलटे हवे. हार्डवेअरच्या दुकानातली कार्बोरंडमची वडीही वस्तऱ्याला फार भरड. पाण्यावर चालणारे १०००, ४००० आणि ८००० नंबरचे तीन दगड पुरतात. १२००० चा दगड नंतर घ्यावा, की घेऊच नये. तो बहुतेक वेळा हौसच असते. दगड सपाट हवा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून, जाड काचेवर पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून, रेघा पुसेपर्यंत घासावा.

सगळे खरे काम १००० नंबरवर होते, आणि तिथेच लोक घाई करतात. धार पुढे ठेवून, टाचेकडून टोकाकडे तिरपे नेत, वस्तरा दगडावरून सरकवावा. दुसऱ्या टोकाला तो पाठीवर उलटवून परत आणावा. दोन्ही बाजूंना खेपा सारख्या. सुरुवातीला अगदी हलका दाब चालतो, शेवटी वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरे. काम झाले की नाही हे खेपा मोजून कळत नाही. धारेवर काळ्या मार्करने रेघ ओढा आणि दोन खेपा द्या. जिथे शाई उरली तिथे दगड पोहोचलेला नाही. धार वर करून उजेडात पाहा. बोथट जागा पांढऱ्या रेघेसारखी चमकते, धारदार जागा दिसतच नाही. टाचेपासून टोकापर्यंत प्रत्येक जागेने हातावरचा केस काढला तरच पुढे जावे. नाहीतर ८००० वर तासभर घासूनही नुसती बोथट धार चकाकेल. ४००० वर आधीच्या दगडाचे ओरखडे जाईपर्यंत आणि ८००० वर तेही जाईपर्यंत, एवढेच पुढचे काम.

त्यानंतर पट्टा. इथे दिशा उलटी, पाठ पुढे आणि धार मागे. वळवतानाही पाठीवरच वळवावे, नाहीतर चामडे कापले जाते. पट्टा ताणून धरावा, सैल पट्ट्यावर धार गोल होते. आम्ही कापडावर वीस आणि चामड्यावर चाळीस खेपा देतो. चामडे साल-हिरड्यात कमावलेले हवे, कोल्हापुरी चपलेला वापरतात त्या जातीचे. बुटाचे मऊ क्रोमचे चामडे लवते.

कापडाबाबत थोडे सविस्तर सांगणे आमचे कामच आहे. लिनन म्हणून विकले जाणारे बरेच कापड पॉलिएस्टर मिसळलेले असते. एक धागा जाळून पाहा. लिनन कागदासारखा वास येऊन राख होते, पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. नवे कापड खळीचे असते आणि खळीत धुळीचे कण धरून राहतात. गरम पाण्यात साबणाने दोनदा धुऊन, वाळवून, मगच पट्ट्याला लावावे. घट्ट विणीचा कॅनव्हासही चालतो.

रोज पट्टा मारला की दगडाची गरज कित्येक महिने पडत नाही. मुद्दल वाचते ते इथे. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ असूनही धार का जाते, याचा अभ्यास अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केला. धार नुसती झिजत नाही. वाकलेल्या केसाच्या ताणाने तिचे सूक्ष्म टवके उडतात, असे त्यांना दिसले. दाढी गरम पाण्याने भिजवून केस मऊ करावेत हे जुने लोक सांगत, ते धारेच्याही फायद्याचेच. पट्ट्याने सुधारणे थांबले तर कॅनव्हासवर हिरवी क्रोमियम ऑक्साइडची पेस्ट लावून दहा-बारा खेपा द्याव्यात. त्यानेही भागले नाही तर ८००० चा दगड. १००० वर परत जाण्याची पाळी टवका पडल्याशिवाय येऊ नये.

काही तरुण विचारतात की यात जोडधंदा होईल का. वस्तरे कुरिअरने मागवून धार लावून परत करता येतात, आणि भांडवल थोडेच लागते. पण दुसऱ्याच्या वस्तऱ्याला रक्त लागलेले असू शकते. कावीळ बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. आलेला माल हातमोजे घालून आधी साबणाने धुवावा, मग निर्जंतुक करावा आणि चांगला पुसून कोरडा करावा. परत पाठवताना तेलाचा हात फिरवावा, पावसाळ्यात तर जरूर. निळे पडलेले किंवा तडा गेलेले पाते कामाला घेऊच नये, तसे लिहून वस्तरा परत करावा आणि मजुरी लावू नये.