शटर उघडं असेपर्यंत

चि. सानिकास,


तुझ्या प्रोग्राममध्ये धावत्या चेंडूमागे पुसट शेपूट दिसावी म्हणून तू आधीची फ्रेम पुसून न टाकता तिच्यावर काळ्या रंगाचा पातळ थर देतेस. युक्ती सोपी आहे, पडद्यावर लगेच छानही दिसते. म्हणूनच ती सोड म्हणताना मला नीट कारणं द्यायला हवीत. मोशन ब्लर, म्हणजे गतीमुळे येणारी धूसरता, ही मागे उरलेली खूण नसते. शटर उघडं असताना वस्तू जिथे जिथे होती, त्या सगळ्या जागांची ती सरासरी असते. सिनेमाचा कॅमेरा सेकंदाला 24 फ्रेम घेतो आणि नेहमीच्या 180 अंशांच्या शटरमध्ये प्रत्येक फ्रेमला 1/48 सेकंद प्रकाश मिळतो. तेवढ्यात सरकलेल्या चेंडूच्या दोन्ही कडा विरतात, पुढचीसुद्धा. तुझ्या चेंडूची पुढची कड सुरीने कापल्यासारखी राहते. त्यात 8 बिटांचा घोळ वेगळाच. रंगाची किंमत 4 वर आली की तुझ्या पातळ थरामुळे ती 0.9 ने गुणून 3.6 होते, पूर्णांकात पुन्हा 4. काळ्या पडद्यावर ती राखाडी रेघ मग कधीच जात नाही. 1981 च्या ‘ड्रॅगनस्लेअर’ चित्रपटासाठी शटर उघडं असतानाच मोटरने ड्रॅगनची बाहुली हलवली, कारण ती धूसरता चित्रणातच यायला हवी होती.

तूही तेच कर. चेंडू एका फ्रेममध्ये 48 पिक्सेल जात असेल, तर अर्ध्या वेळेच्या शटरमध्ये 24 जाईल. त्या वेळेचे आठ भाग कर, तीन-तीन पिक्सेलवर आठदा चेंडू काढ आणि सरासरी घे. सरासरी मात्र प्रकाशाची घे, साठवलेल्या आकड्यांची नको: काळा 0 आणि पांढरा 255 यांच्या बरोबर मधला प्रकाश पडद्यासाठी 128 नसून साधारण 188 असतो. हे चुकलं तर ब्लर मळकट दिसतो, आणि दोष भलतीकडेच शोधला जातो.

आठपट काम वाढेल, असं तू म्हणशील. वाढेल, पण एका चेंडूच्या प्रोग्रामला ते जड नाही, आणि जे हलत नाही ते एकदाच काढलं तरी चालतं. चेंडू फारच वेगात असेल तर आठ सुटे चेंडू दिसतील, हा आक्षेप खरा आहे. कुक, पोर्टर आणि कार्पेंटर यांनी 1984 मध्ये त्यावर उपाय मांडला: किरण सोडून चित्र काढताना प्रत्येक किरणाला शटरच्या काळातला वेगवेगळा यादृच्छिक क्षण द्यायचा. मग सुट्या प्रतींऐवजी बारीक कणी येते, आणि डोळा ती सहज सोसतो.

एका आक्षेपापुढे मात्र मीही मान तुकवते. बघणारा चेंडूचा नजरेने पाठलाग करत असेल, तर त्याच्या डोळ्याला तो स्वच्छ दिसायला हवा. तिथे ब्लर खुपतो. म्हणून शटर किती वेळ उघडं ठेवायचं तो आकडा कोडमध्ये पुरून टाकू नकोस. 0 ते 1 असा सरकपट्टीवर ठेव, आणि 0 ला चेंडू ब्लरशिवाय अगदी स्वच्छ दिसतो ना, हे सगळ्यात आधी तपास.

तुझी,
आत्या