लहान गावांची नभोवाणी : श्रोत्यांचा प्रश्न आणि केंद्राचे उत्तर

भारतातील शेतीविषयक नभोवाणीचा इतिहास बहुधा हरितक्रांतीपासून सांगितला जातो. तंजावर परिसरातील शेतकऱ्यांनी एडीटी-२७ या भातवाणाला 'रेडिओ भात' म्हटले, कारण त्याची माहिती त्यांना तिरुचिरापल्ली केंद्रावरून मिळाली होती. ही कथा सुपरिचित आहे. तथापि स्थानिक केंद्राचे मर्म त्याआधीच्या एका प्रयोगात अधिक स्पष्ट दिसते.

१९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने पाच मराठीभाषक जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोतामंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम मंडळाने एकत्र ऐकावयाचा, त्यावर लगेच चर्चा करावयाची, उद्भवलेले प्रश्न लिहून केंद्राकडे पाठवावयाचे आणि केंद्राने पुढील प्रसारणात उत्तरे द्यावयाची, अशी ही पद्धत होती. समाजशास्त्रज्ञ पॉल नॉयराथ यांनी मंडळे असलेल्या, केवळ रेडिओ असलेल्या आणि रेडिओ नसलेल्या गावांची तुलना केली. मंडळे असलेल्या गावांत ज्ञानवृद्धी ठळकपणे दिसून आली. नुसता रेडिओ असलेली गावे बरीच मागे राहिली. विस्तारकार्य करणाऱ्यांनी हा निष्कर्ष आजही जवळ बाळगावा, इतका तो मोलाचा आहे.

१९५९ पासून ही योजना देशभर नेण्यात आली. परंतु प्रादेशिक केंद्राच्या एकाच कार्यक्रमात बागायती ऊस आणि कोरडवाहू बाजरी दोन्ही बसवावी लागत, आणि एका तालुक्याच्या प्रश्नाला जागा मिळणे दुरापास्त होई. या उणिवेवरील उत्तर म्हणून १९८४ मध्ये तमिळनाडूतील नागरकोइल येथे आकाशवाणीचे पहिले स्थानिक केंद्र सुरू झाले. पुढे महाराष्ट्रातही बीड, धुळे, नांदेड, सातारा, यवतमाळ अशा ठिकाणी एफएम केंद्रे उभी राहिली. जेथे ही केंद्रे मोठ्या केंद्राचे कार्यक्रम केवळ पुढे पाठवीत राहतात, तेथे त्यांच्या स्थापनेचे प्रयोजनच उरत नाही.

ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता होय, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. तरीही सामुदायिक रेडिओची परवानगी २००२ च्या धोरणात केवळ शिक्षणसंस्थांपुरती होती. तेलंगणातील झहिराबादजवळच्या माचनूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीचा ध्वनिमुद्रण कक्ष १९९० च्या दशकाच्या अखेरीस सज्ज होता. परवाना मात्र नव्हता. दलित शेतकरी स्त्रिया पारंपरिक बियाणे, भरडधान्ये यांविषयीचे कार्यक्रम ध्वनिमुद्रित करीत आणि त्या फिती गावोगावच्या महिला संघांच्या बैठकीत ऐकविल्या जात. जवळजवळ दहा वर्षांची ही प्रतीक्षा १५ ऑक्टोबर २००८ रोजी संघम रेडिओच्या प्रसारणाने संपली.

ते शक्य झाले २००६ च्या धोरणामुळे. स्वयंसेवी संस्थांबरोबर कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही त्यात पात्र ठरविण्यात आले, आणि निम्मे कार्यक्रम तरी स्थानिक सहभागातून निर्माण व्हावेत, अशी अट घालण्यात आली. साताऱ्यातील म्हसवडची माणदेशी तरंग वाहिनी याच काळातील. अशा केंद्राचा आवाज साधारणतः दहा किलोमीटरपर्यंत पोहोचतो. म्हणजे कीड कोणत्या शिवारात दिसली, हे नावानिशी सांगता येते. अडचण खर्चाची असते. प्रक्षेपक एकदाच घ्यावा लागतो, पण निवेदकाचे मानधन, वीजबिल आणि दुरुस्ती कायमची. त्या धोरणाने जाहिरातींना तासाला पाच मिनिटे दिली होती. लहान बाजारपेठेत तेवढीही भरणे सोपे नसते.